बगळ्या मास्तरांची शाल

झेंडूचा हार शिळा होता. नर्मदाबाई पहिल्या रांगेत, बायकांच्या बाजूला घडीच्या लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या, आणि तिथवर त्याचा कुबट वास आला. ज्या माणसानं ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही, या शाळेची पोरं मैदानावर घडवली, त्याच्या निरोपाला यांना ताजी फुलं मिळू नयेत? पालघरचा बाजार काय समुद्रात बुडाला होता? हार घालणारे होते झुंबरशेठ, बोईसरच्या भाताच्या गिरणीचे मालक आणि आता शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी हार घातला, शाल पांघरली, नारळ दिला आणि फोटोवाल्याकडे बघून असे हसले, की सत्कार त्यांचाच चाललाय असं कुणालाही वाटावं. नर्मदाबाईंनी पदर नाकाला लावला.

सत्कार होता त्यांच्या यजमानांचा, चंद्रभान मास्तरांचा. शाळेच्या कागदावर ते शारीरिक शिक्षक. पोरांच्या तोंडी कबड्डीचे मास्तर, आणि गावाच्या तोंडी बगळ्या मास्तर. नगरकडचा हा उंच, हडकुळा माणूस नोकरीसाठी इकडं आला तेव्हा बायकोला म्हणाला होता, "वर्षभर बघू. नाही जमलं तर परत जाऊ." ते वर्ष संपलंच नाही. किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून येणाऱ्या सुक्या बोंबलांच्या वासानं पहिल्या आठवड्यात ओकाऱ्या काढणाऱ्या नर्मदाबाई पुढं तेच बोंबील चुलीत भाजून भाकरीबरोबर खाऊ लागल्या. वासाची सवय होते. झुंबरशेठसारख्या माणसाची मात्र त्यांना आजवर झाली नव्हती.

बगळा हे नाव मास्तरांना पडलं ते त्यांच्या चढाईवरून. कबड्डीतली चढाई म्हणजे एकट्यानं समोरच्यांच्या अंगणात घुसायचं, एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणत कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत परत फिरायचं. सगळ्या गावांची पोरं उड्या मारत, लाथा झाडत चढाई करायची. मास्तरांनी आपल्या पोरांना सगळं उलटंच शिकवलं. आतली रेषा ओलांडायची आणि उभं राहायचं. हात खाली सोडलेले, मान जराशी पुढं, तोंडात हलक्या आवाजात कबड्डीचा जप. तेव्हा चढाईला घड्याळ नव्हतं, दम पुरेल तोवर कितीही वेळ उभं राहता यायचं. समोरची पोरं आधी हसायची, मग एकमेकांकडं बघायची, मग चुळबुळायची. शेवटी एखाद्याला राहवायचं नाही आणि तो पकडायला पुढं यायचा. आला की त्याला शिवून आपलं पोरगं निवांत मागं फिरायचं.

"आपण जायचं नाही," मास्तर सांगायचे. "त्याला येऊ द्यायचं. गप्प राहणं फार थोड्यांना जमतं."

पोरांना सवय लागावी म्हणून ते त्यांना मुंग्यांच्या वारुळाशेजारी उभं करत. पाम गावचा एक बाप चिडून घरी आला होता, माझ्या पोरानं असा काय गुन्हा केला म्हणून. नर्मदाबाईंनी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर नवऱ्याला फैलावर घेतलं. मास्तर नुसते हसले. त्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की बाहेर काढायची सोय नव्हती.

या उभ्या चढाईत सगळ्यांत तरबेज निघाला जिवल्या. पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचं वारल्याचं पोर. बाप तारपा वाजवणारा. दुध्या भोपळ्याचं ते लांबलचक वाद्य फुंकायला छाती लागते, आणि जिवल्या रांगता होता तेव्हापासून त्यात फुंकर घालत आलेला. त्यामुळं त्याचा दम इतका लांब, की त्याची चढाई सुरू झाल्यावर बघणाऱ्यांनाच धाप लागायची. पाडा लांब, म्हणून सरावानंतर तो बऱ्याचदा मास्तरांकडंच जेवायचा. जेवण झालं की ताट घासून पालथं घालायचा. नर्मदाबाईंना तो "बाय" म्हणायचा, आणि पोटचं पोर नसलेल्या त्या बाईला ते ऐकायला बरं वाटायचं.

मग पालघरचा तो सामना झाला. कप झुंबरशेठनी दिलेला, म्हणून मुख्य पंचाची खुर्चीही त्यांनाच. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. समोरच्या संघात त्यांचा पुतण्या होता, आणि तेव्हा ते या शाळेच्या कमिटीतही नव्हते. जिवल्या आत जाऊन उभा राहायचा आणि एकेक गडी बाद करून यायचा. शेवटी पुतण्या उरला. त्यालाही धीर धरवेना, तो धावत आला, आणि जिवल्यानं त्याच्या खांद्याला बोट लावलं.

शिट्टी वाजली. झुंबरशेठ खुर्चीतून उठून ओरडले, "दमचोर! तारपेवाल्याचं पोर आहे हे. तारपा वाजवताना हे लोक गाल फुगवून ठेवतात आणि नाकानं हवा आत ओढतात. इथंही तेच चाललंय. हा एक दम नव्हेच!"

मास्तर शांतपणे पुढं गेले. "शेठ, फुंकताना जमतं, बोलताना जमत नाही. तोंडानं कबड्डी म्हणत नाकानं हवा आत घेऊन दाखवा. तुम्हीच दाखवा."

शेठनी दाखवलं नाही. मग जिवल्याच पुढं आला. भर मैदानात त्यानं दोन बोटांत नाक गच्च धरलं आणि "कबड्डी कबड्डी" सुरू केलं. तो म्हणत राहिला, त्याचा चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं, आणि गर्दी पोट धरधरून हसत राहिली. नाक धरलेल्या माणसाचा आवाज कसा येतो, ठाऊकच आहे. त्याचा दम संपला तेव्हा पंचाची खुर्ची रिकामी होती. शेठ मांडवामागं चहा पीत होते. नर्मदाबाईंनी त्यांना बशीत चहा ओतून फुर्रकन ओढताना बघितलं, आणि त्यानंतर कुणीही बशीनं चहा प्यायला लागलं की त्या उठून आत जायच्या.

कप गेला त्याचं मास्तरांना काही नव्हतं. पण "दमचोर" हे नाव जिवल्याला चिकटलं. शाळेत पोरं चिडवायला लागली तेव्हा त्यानं शाळा सोडली. तारापूरला वीजघराचं काम सुरू झालं आणि तो तिथं माती वाहायला लागला, तर मुकादमसुद्धा त्याला त्याच नावानं हाक मारायचा. लग्नाची बोलणी करायला गेलेल्या बापाला पलीकडच्या पाड्यावर विचारलं गेलं, तो दमचोर तुजाच ना? कुठल्याशा गिरणीवाल्यानं आपल्या पुतण्यासाठी शिट्टी फुंकावी आणि एका पोरानं आयुष्यभर मान खाली घालून फिरावं!

म्हणूनच शाळेचे हेडमास्तर निरोप समारंभाचं ठरवायला घरी आले, तेव्हा मास्तरांनी एकच अट घातली. जिवल्याला बोलवायचं, आणि शेठनी सगळ्या गावासमोर आपला शब्द मागं घ्यायचा. "एवढं झालं तर मी येतो. नाहीतर तुमची शाल तुम्हालाच लखलाभ."

"होईल हो, होईल," हेडमास्तर म्हणाले होते. "शेठना मी बोललोय. ते मोठ्या मनाचे आहेत."

आता ते मोठं मन माइकसमोर उभं होतं. तोंडात पान, शब्दागणिक समोरच्या टेबलावर लाल शिंतोडे. "चंद्रभान मास्तरांची ही उभी चढाई आज ठाणे जिल्ह्यात गाजते," शेठ सांगत होते. "पण मंडळी, आज गुपित सांगतो. मास्तरांना मी पूर्वीच म्हणालो होतो, मास्तर, घाई करू नका, पोरांना उभं राहायला शिकवा!"

टाळ्या पडल्या. नर्मदाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. खोटं बोलावं, पण किती? जी चढाई या माणसानं पायाखाली तुडवली, तिचा बाप म्हणून हाच मिरवतोय, आणि समोरचे शिकलेसवरलेले लोक माना डोलावतायत. भाषण संपवताना शेठनी घटाघटा दोन पेले पाणी प्यायलं, ढेकर दिली, नवं पान तोंडात टाकलं आणि खुर्चीत जाऊन बसले. जिवल्याचं नाव नाही, पालघरच्या सामन्याचं नाव नाही. हेडमास्तर बुटांकडं बघत होते.

नर्मदाबाईंनी मान वळवून जिवल्याला शोधलं. तो कुठल्याच रांगेत नव्हता. मग दिसला, मांडवाच्या कडेला. अंगात धुवट पांढरा सदरा, मास्तरांच्या समारंभासाठी राखून ठेवलेला, आणि दोन्ही हातांत बादल्या. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाचा चेहरामोहरा बघून शिपायानं त्याला पाण्याचं पिंप भरायला लावलं होतं. सकाळपासून. नर्मदाबाई ताडकन उठून त्याच्याकडं गेल्या.

"ठेव त्या बादल्या! पाहुणा आहेस ना तू? कुणी सांगितलं तुला हे?"

"ऱ्हाऊ दे बाय, भांडू नको," जिवल्या हळूच म्हणाला. "मास्तर वर बसलं हायत. त्यांचा दिस हाय. मना काय नाय वाटत."

"मला वाटतंय," नर्मदाबाई म्हणाल्या. तेवढ्यात माइकवरून मास्तरांचं नाव पुकारलं गेलं.

मास्तर उठले. अंगावरची शाल काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि माइकसमोर आले. लोक टाळ्या वाजवून थांबले. मास्तर बोलेनात.

"गहिवरले हो बिचारे," मागची एक बाई म्हणाली.

नर्मदाबाईंनी नीट बघितलं. हात खाली सोडलेले. मान जराशी पुढं. नजर कुणाकडंच नाही. त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, हे तर चढाईला उभे राहिलेत!

मांडवात कुजबूज सुरू झाली. कुणी खोकलं. हेडमास्तरांनी घसा खाकरून "हं, मास्तर," असं केलं. पुढची पोरं फिदीफिदी हसायला लागली, तर मागं उभे असलेले मास्तरांचे जुने गडी त्यांना "श्शू!" म्हणाले. त्यांनी ओळखलं होतं. माइक घूं घूं करत होता. झुंबरशेठ खुर्चीत सरकले, पाय हलवायला लागले, हेडमास्तरांच्या कानाला लागले. सगळा गाव आता मास्तरांकडून नजर काढून शेठकडं बघायला लागला होता, कारण व्यासपीठावर चुळबुळ करणारे तेवढेच होते. मास्तर आपले उभेच.

शेवटी शेठना राहवलं नाही. ते उठले, तरातरा पुढं आले आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, बोला की!"

मास्तरांनी तो हात मनगटाशी धरला आणि माइकमध्ये म्हणाले, "झुंबरशेठ आले आहेत. पालघरच्या सामन्यात जिवल्याचा दम खरा होता की खोटा, ते आता सांगतील." एवढं बोलून ते बाजूला झाले. माइकसमोर शेठ एकटे राहिले.

मागून जुन्या गड्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "सांगा शेठ!" मग सगळेच म्हणायला लागले. शेठनी गिळता येईना म्हणून पान गालात सरकवलं. "ते... त्या दिवशी... माझी नजर चुकली असेल."

"असेल?" मास्तरांनी विचारलं.

"चुकली. पोराचा दम खरा होता."

"नाव घ्या त्याचं."

"जिवल्याचा दम खरा होता," शेठ म्हणाले, कडू औषध घ्यावं तसं तोंड करून.

मांडव टाळ्यांनी दणाणला. गड्यांनी जिवल्याला बादल्यांपासून ओढत वर चढवलं. फोटोवाला पुढं सरसावला, "शेठ, हात मिळवा," म्हणाला, आणि शेठचा चेहरा पुन्हा हसरा झाला. जिवल्यानं ओला हात पुढं केला. शेठनी बोटांची टोकं त्याला दिली. फोटो निघाला. सगळे मास्तरांना भेटायला धावले, आणि त्या गडबडीत झुंबरशेठनी पाठ वळवून, खुर्चीवर टाकलेली ती शाल उचलली, तिला आपला हात पुसला, बोटाबोटांतून पुसला, आणि शाल परत होती तशी टाकली. ते फक्त दोघांनी बघितलं. एक नर्मदाबाई. दुसरा जिवल्या.

तो खाली उतरला तेव्हा आपल्या तळव्याकडं बघत होता. "पानीच होतं बाय," तो म्हणाला. "पिंपाचं. तेच तर त्यांनी पिलं."

नर्मदाबाई तडक व्यासपीठावर चढल्या. त्यांनी खुर्चीवरची शाल उचलून काखेत मारली.

संध्याकाळी तिघं घरी आले. मास्तर खुशीत होते. "बोलला की नाही शेवटी?" असं वाटेत त्यांनी कितीदा तरी म्हटलं. नर्मदाबाई पुढं झाल्या, दार उघडलं आणि काखेतली शाल उंबऱ्यासमोर अंथरली.

"अगं, सत्काराची शाल ती!" मास्तर म्हणाले.

"त्यांनी हिला हात पुसला. जिवल्याच्या हातात हात दिला, तो हात."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी जिवल्याकडं बघितलं. जिवल्यानं मान खाली घातली. मग मास्तर रांजणाजवळ गेले, पाय धुतले, ओल्या पायांनी शालीवर उभे राहिले, नीट पुसले आणि आत गेले.

पाय धुऊन जिवल्या आला, पण उंबऱ्याशी अडला. त्या मऊ, जरीच्या काठाच्या कापडावर त्याला पाय ठेववेना. "बाय, चांगली शाल हाय ना ही?"

"होती," नर्मदाबाई म्हणाल्या. "पूस पाय, आणि जेवायला बस."