आधी वाईट ते ऐका

घरात पाऊल टाकलं की चहाचा कप समोर यायचा, आणि सर तो हातभर लांब सरकवून म्हणायचे, "चहा मंग घेऊ. आधी वाईट ते ऐका."

पोरगी नुकतीच चौथी पास झालेली, घर खुशीत, आणि हे गृहस्थ असे. तुम्हीही एकाहून एक मास्तर पाहिले असतील, पण वाईट बातमी आगाऊ घरपोच करणारा मला तरी दुसरा भेटला नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. गांधीबागेच्या मागच्या वस्तीत आमची शाळा होती, पाचवी ते सातवी. आजूबाजूला बरीच घरं विणकरांची. सर कितीतरी वर्षांपासून पाचवीचा वर्ग सांभाळत होते. जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ते पाचवीत येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी जात.

त्यांचं सांगणं ठरलेलं असे. पाचवीत इंग्रजी सुरू होतं, हिंदी सुरू होते, तासातासाला नवा मास्तर येतो. गणपतीपर्यंत मूल रोज सकाळी पोट दुखतं म्हणेल. सहामाहीत नापास होईल, चौथीत पहिलं आलेलंही होईल. संक्रांतीनंतर जरा जमू लागेल. वार्षिकला पास होईल, पण फार मार्कांची आशा धरू नका. "मी आत्ताच सांगून राहिलो. मंग पोट्ट्याले मारू नका," एवढं झालं की कप जवळ ओढत. तोवर चहा पार गार. आपल्याला गारच आवडतो, असं ते म्हणत. माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही.

मी तेव्हा प्रतापनगरहून सायकलने येणारी नवीकोरी बाई. बी.एड.ची शाई वाळली नव्हती, आणि मुलांना प्रोत्साहन द्यावं हे मला पाठ होतं. सरांचा हा प्रकार मला चक्क अभद्र वाटे.

एका जूनमध्ये सरांना ऊन लागलं आणि ते अंथरुणाला खिळले. यादीतली उरलेली घरं माझ्याकडे आली. सगळं सांगजा, काही गाळू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं.

त्या यादीत महादेवराव विणकरांचं घर होतं. त्यांची सुशीला चौथीत पहिली आलेली. माझ्यासाठी त्यांनी माग थांबवला, हात पुसले आणि समोर येऊन बसले. त्या चेहऱ्याकडे पाहून माझ्याच्यानं बोलवेना. म्हटलं, मुलगी हुशार आहे, आमच्याकडेही पहिलीच येईल. सुशीलाच्या आईनं माझ्या हातावर साखर ठेवली. मी सायकलवर गाणं गुणगुणत घरी गेले.

सहामाहीत सुशीला इंग्रजीत नापास झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची जागा रिकामी. चौकशी केली तेव्हा कळलं, वडिलांनी तिला मागासाठी सुताच्या कांड्या भरायला रहाटावर बसवलंय. मारलं नाही, रागावलेही नाहीत. मुलीचं डोकं चौथीपर्यंतच होतं, एवढंच त्यांनी धरून घेतलं.

मी रडतच सरांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, त्या घरी नेमकं काय बोललात? मी बोलले. ते ऐकून त्यांनी चपला घातल्या आणि चालू लागले. मी मागोमाग.

"बाईंनी सांगतलं, पहिली येन," महादेवराव म्हणाले. "ते तर नापास झाली. मंग तिचा वेळ काहून घालवाचा?"

"चूक पोट्टीची नाई," सर म्हणाले. "आमी तुमाले खोटं सांगतलं."

आमी, म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. जन्मात कुणी माझी एवढी लाज राखली नसेल.

मग जूनमध्ये सांगायचं ते सगळं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं आणि वार्षिकपर्यंत मुलगी मागितली. तेव्हा तरी पहिली येईल का, असं महादेवरावांनी विचारलं. नाही येणार, सर म्हणाले, पास होईल. आणि तेही नाही झालं तर? तर मी पुन्हा या दारात येणार नाही, पोरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. आतमध्ये रहाटाचा आवाज थांबला होता.

सोमवारी सुशीला वर्गात आली.

पुढे चार महिने मधल्या सुट्टीत सर तिला समोर बसवून वाचायला लावत. डबा तसाच राही. वार्षिकचे पेपर आले तेव्हा मात्र इंग्रजीचा गठ्ठा त्यांनी माझ्याकडे दिला. आपला हात सैल पडेल म्हणाले. मी तिचा पेपर तीनदा तपासला. पस्तीसला पास, तिला अडतीस मिळाले. एकही मार्क मी पदरचा घातला नाही.

निकालाच्या दिवशी सर नव्हते. आदल्याच दिवशी निवृत्त झाले आणि सकाळच्या गाडीने मुलाकडे उमरेडला गेले. महादेवराव धुतलेला सदरा घालून पहिल्यांदाच शाळेच्या आत आले. पास झाली म्हटल्यावर त्यांनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग सर कुठं आहेत म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या खिशात घातली.

"मंग आता सहावीचं कोण सांगन?"

मी येईन, म्हटलं. शाळा उघडायच्या आधी येईन.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

"या," ते म्हणाले. "पण बाई, खरं सांगजा."