रिसोडच्या मिस्त्रीचे हात

सत्तरच्या दशकात माझ्याकडे एक जुनी फटफटी होती. इंजिनाच्या हेडमधली, म्हणजे वरच्या भागातली, हवेची वाट घासून मोठी केली की ती चढावर जोरात पळेल, असं कुणीतरी सांगितलं. मी घरीच कानस घेऊन बसणार होतो, पण रिसोडचा एक म्हातारा मिस्त्री म्हणाला, "हे घरी कराचं काम नोहे. माह्याकडं द्या." बोलताना तो दोन्ही हात काखेत दाबून उभा होता. मला वाटलं, थंडी असेल.

आठवड्याने तो स्वतःच घरी आला. ओट्यावर बसला, चहाला हात लावला नाही. फडक्यातलं हेड त्याने उजेडाकडे धरलं. घासता घासता आतल्या भिंतीला भोक पडलं होतं.

"सालभरापासून हात थरथर कापून राह्यले," तो खाली बघत म्हणाला. "गिऱ्हाइकाले नाही म्हनाची लाज वाटते."

मला रागावताही येईना. मग त्याने स्वतःच्या तसल्याच बंद पडलेल्या गाडीचं हेड आणलं आणि कानस माझ्या हातात दिली. मी घासायचो, तो आत बोट फिरवून "इथं अजून," "आता थांबा," असं सांगायचा.

ते हेड बसवल्यावर गाडी खरंच पळाली. त्याला मागे बसवून मी शिरपूरला गेलो. तिथे चहाच्या टपरीवर एकाने विचारलं, "कोनं केलं हे काम?" मी मोठ्या तोऱ्यात मिस्त्रीकडे बोट दाखवलं. त्याची अब्रू राखली, असं मला वाटलं.

परतताना तो माझ्या कानाशी वाकला. म्हणाला, "आता तो टपरीवरला त्याचं हेड घेऊन येईन. त्याले काय सांगू?"

गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं मी दाखवलं.