ग्रेसने अमोलच्या आईसाठी पाठवलेले पैसे

अमोल गेला, आणि त्यानेच बांधलेल्या सिस्टीमने त्याच्या आईसाठी आलेले पैसे अडवले.

सोमवारी सकाळी, कळव्याच्या घरी, चहा पिता पिता गेला. हार्ट अटॅक. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डोंबिवलीत एका पोळीभाजी केंद्राच्या वर आमचं छोटंसं ऑफिस आहे. आफ्रिकेतले छोटे व्यापारी इथल्या कारखान्यांकडून माल घेतात. त्यांचे पैसे इकडे लवकर आणि नीट पोचवायचे, हे आमचं काम.

कल्पना अमोलची. त्याच्या बाबांचा एमआयडीसीत पंपाचे पार्ट बनवायचा कारखाना होता. नैरोबीचं पेमेंट मधल्याच कुठल्यातरी बँकेत अडकायचं आणि बाबा जेवताना फोनकडे बघत बसायचे.

"हे मी बंद करणार," म्हणायचा. केलंन पण.

माणूस गोड वगैरे अजिबात नव्हता. महाहट्टी! बिल जोडल्याशिवाय एकही पेमेंट पुढे सरकणार नाही, हा नियम त्याचाच.

मी भांडायचे. "अरे, ओळखीचा कस्टमर आहे, सोड ना!"

"स्नेहल, एकदा सोडलं की लायसन्स जाईल. मग या सगळ्या लोकांनी काय करायचं?"

एकदाही जिंकू दिलं नाही मला. आता भांडायला कोणी नाही, आणि मला त्याचा भयंकर राग येतोय.

ग्रेस ही आमची नैरोबीतली पहिली कस्टमर. तिचं पंपाचं दुकान आहे. अमोल तिला ताई म्हणायचा. पुढे पुढे तीच फोन उचलून "ताई हिअर" म्हणायला लागली.

बातमी कळली तशी तिने पैसे पाठवले. 'कशासाठी' विचारलेल्या जागी लिहिलं, अमोलच्या आईसाठी.

याला बिल कुठून आणणार? सिस्टीमने थांबवलं. असे अलर्ट अमोलकडे जायचे, ते आता माझ्याकडे येतात. ऑफिसात सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

ग्रेसला फोन केला. ती म्हणाली, "आमच्यात मयताच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. मला तर येताही येत नाही. मी काय करू?"

पैसे सोडणं एका क्लिकचं काम होतं. तो अधिकारही आता माझ्याकडेच आहे. पण हात होईना.

शेवटी कळव्याला गेले आणि काकूंना, म्हणजे अमोलच्या आईला, सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या म्हणतील, आपल्यात असे पैसे घेत नाहीत.

काकूंनी वेगळंच विचारलं.

"नियम अमोलचाच ना गं?"

"हो काकू."

"मग मोडू नकोस. परत पाठव."

मी उठले, तर हात धरून खाली बसवलं.

"असे नुसते नको पाठवू. वाईट वाटेल तिला. फोन लाव. सांग, आमच्याकडे मयत झालं की घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात. म्हणावं, तुझा पिठलं-भात पोचला. अमोलच्या आईने खाल्ला."

मी जमेल तसं इंग्रजीत सांगत गेले. पलीकडे ग्रेस रडायला लागली. तिचं रडणं ऐकलं आणि काकूंचा बांध फुटला. अमोल गेल्यापासून त्या पहिल्यांदाच रडल्या.

जा रे अमोल. काकूंजवळ आम्ही आहोत.