उकळी येईपर्यंत

दादाचा फोन आला तेव्हा मी हैदराबादच्या कोठी भागातल्या पुस्तकांच्या दुकानात, जिथं मी हल्ली बसतो, एका गिऱ्हाइकाला आमच्या जुन्या साहेबाची नक्कल करून दाखवत होतो. नक्कल ऐन रंगात होती. साहेब चष्मा शोधतोय आणि चष्मा त्याच्या कपाळावरच आहे, इथपर्यंत मी पोचलो होतो. तेवढ्यात मालकांनी फोन माझ्यापुढं धरला. माझा थोरला भाऊ सहसा फोन करत नाही. त्याच्या वतीनं जगाशी बोलण्याचं काम आमच्या वहिनींचं. "सुमन गेली," तो म्हणाला. "बसल्या बसल्या. तू ये." आणि फोन ठेवला. एवढं बोलून दादानं जो मौनात प्रवेश केला, तो तेरावा उलटला, अमेरिकेतून आलेली त्याची मुलगी परत गेली, तरी बाहेर यायचं नाव घेईना. जेवायला वाढलं तर दोन घास, विचारलं तर "हं." भिंतीशी बोलावं तर निदान प्रतिध्वनी तरी येतो...

सुमनवहिनींचं माहेर परभणीकडचं. लग्न होऊन त्या आमच्या काचीगुड्याच्या, स्टेशनमागच्या तीन खोल्यांच्या घरात आल्या तेव्हा मी कॉलेजात होतो आणि स्वतःला मोठा नट समजत होतो. पहिल्याच आठवड्यात मी खांद्यावर टॉवेल टाकून त्यांच्या चालण्याची नक्कल केली. सगळे हसले. वहिनींनी ती शेवटपर्यंत शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, बाकी ठीक आहे. पदर डाव्या खांद्यावर असतो." त्या दिवसापासून माझी त्यांच्याशी दोस्ती झाली आणि त्यांची नक्कल मात्र मी पुन्हा केली नाही.

माहेराहून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक म्हणजे शेंगोळे आणि दुसरी, शेंगोळ्यांचा कायदा. ज्यांनी शेंगोळे खाल्ले नाहीत त्यांच्याबद्दल सहानुभूती बाळगून सांगतो. हुलग्याच्या पिठात लसूण, तिखट, जिरं घालून ते घट्ट मळायचं, त्याच्या बोटभर वळ्या करून टोकं जोडायची आणि ती कडी लसणाच्या फोडणीच्या आधणात शिजवायची. आधणाला खळखळून उकळी हवी. त्याआधी टाकलात तर कडी राहत नाही, नुसता लगदा होतो. दिसायला हा पदार्थ मातकट, गरीब. पाहुण्यांपुढं कुणी ठेवत नाही. पण डोकं फिरलेलं असताना वाटीभर गरम रस्सा पोटात गेला, की माणूस माणसात येतो. वहिनी त्यात थोडा चिंचेचा कोळ घालत. हैदराबादेत राहायचं तर चिंचेशी भांडून कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं.

कायदा असा होता. घरात ज्याचं बिनसलं असेल त्यानं स्वयंपाकघरात येऊन शेंगोळे वळायला बसायचं. वळताना हवी ती तक्रार करायची, कुणाचंही नाव घ्यायचं, अगदी वहिनींचंसुद्धा. पण आधणाला उकळी आली की तोंड बंद. शेंगोळे पाण्यात, तक्रारही पाण्यात. जेवताना त्यातला शब्द काढायचा नाही. दादाची बढती हुकली तेव्हा तो परात अर्धी होईपर्यंत एकच वाक्य बोलला होता. वरच्या मजल्यावरच्या राजेश्वरम्मा मात्र सासूबद्दल अस्खलित तेलुगूत बोलत, आणि वहिनी त्यातलं निम्मं समजून सगळ्या योग्य जागी "अय्यो" म्हणत. राजेश्वरम्मा हसत हसत, डबा भरून घेऊन वर जात.

मग देशानं दारं उघडली. टीव्हीवर वाहिन्याच वाहिन्या आल्या, दिलसुखनगरच्या इमारती शिकवण्यांच्या पाट्यांखाली झाकून गेल्या, आणि मी ज्या सरकारी कारखान्यात होतो त्यानं आम्हाला हार घालून घरी पाठवलं. योजनेचं नाव स्वेच्छानिवृत्ती. स्वेच्छा कुणाची, हे विचारायची सोय नव्हती. गळ्यातला हार तसाच घेऊन मी माझ्या घरी न जाता काचीगुड्याला दादाकडे गेलो. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, हार काढून खुंटीला अडकवला आणि परात पुढं सरकवली. "वळा."

मी वळायला लागलो आणि अख्खा निरोपसमारंभ एकट्यानं उभा केला. साहेबाचं भाषण, त्याचा चष्मा, टाळ्या, बशीतले समोसे. वहिनी हसत होत्या, मीही हसत होतो, आणि भाषणाच्या मध्येच कुठंतरी माझा आवाज फुटला. बराच वेळ मी बोलत राहिलो. आता घरी तोंड काय दाखवू, इथपर्यंत आलो. मग एकदम लक्षात आलं, एवढं बोलून झालं तरी पाणी उकळत कसं नाही? मान वळवून पाहिलं तर वहिनींची बोटं गॅसच्या बटणावर. ज्योत समईएवढी बारीक केलेली.

"वहिनी, ही लबाडी झाली."

"लबाडी कसली? सिलिंडर संपत आलाय," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुम्ही तुमचं बोला. साहेब कुठपर्यंत आला होता?"

तेव्हा मला उमगलं, की राजेश्वरम्मांच्या वेळी आधण नेहमी एवढा उशीर का करायचं. कायदा वहिनींचा होता, आणि तो मोडायची किल्लीही त्यांच्याच हातात होती.

वळायला बसायची त्यांची स्वतःची वेळ मी एकदाच पाहिली. दिलसुखनगरला शिकवण्या चालवणाऱ्या एका बाईंनी त्यांना दुपारी दहावीच्या मुलांना गणित शिकवायला बोलावलं होतं. वहिनी गणित घेऊन बीएस्सी झालेल्या, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच लक्षात नव्हतं. दादा म्हणाला, "एवढ्या लांब बसनं कायकू जायचं? घरात काय कमी आहे?" दादा कधी ओरडत नाही. हळू बोलतो. ओरडणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येतं. दुसऱ्या दिवशी मी चहाला म्हणून डोकावलो, तर वहिनी एकट्याच शेंगोळे वळत बसल्या होत्या. परात भरून ढीग.

"कोण येणार आहे, पलटण?" मी दारातूनच विचारलं.

"मीच आलेय," त्या म्हणाल्या.

मी उंबऱ्यावरच बसलो. त्या वळत वळत बोलत होत्या. "भाऊजी, मला गणित येतं. नुसती पास झाले असं नाही, येतं. तुमच्या दादांना वाटतं, मी घरात कंटाळलेय. मी कंटाळले नाही हो. मला फक्त..." आणि पाणी खळखळून उकळलं. त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या. उठल्या, एकेक शेंगोळा आधणात सोडायला लागल्या.

"फक्त काय, वहिनी?"

"उकळी आली," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी शेंगोळे नेहमीसारखेच झाले होते. दादानं दोनदा रस्सा मागून घेतला. वहिनी दिलसुखनगरला कधी गेल्या नाहीत, आणि ते वाक्य अजून तसंच अर्धवट लोंबकळतंय. मी पुढं अनेकदा खोदून विचारलं. "काय की, आठवत नाही आता," म्हणून त्या हसायच्या. ज्या कायद्यानं आम्हा सगळ्यांची डोकी ताळ्यावर आणली, त्याचा इतका राग मला आजवर आला नव्हता. सगळ्यांसाठी त्यांचा हात बटणावर होता. त्यांच्यासाठी कुणाचा?

तर, दादानं चार घास खावेत म्हणून आता शेंगोळे करायचं मी ठरवलं. पहिल्यांदा लगदा झाला. दादानं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ताट सरकवलं. परभणीला फोन केला तर वहिनींची बहीण म्हणाली, पीठ सैल झालं असेल. राजेश्वरम्मा म्हणाल्या, घट्ट झालं असेल. पीठ घट्ट केलं तर गोट्या झाल्या, खेळायला उत्तम. पुन्हा केले, पुन्हा लगदा. मी चिडून पळी आपटली. खरं कारण मला कळत होतं. एकट्यानं उकळीची वाट बघवत नाही. बोलायला कुणी नसलं की पाणी फार वेळ घेतं, आणि मी आधीच टाकून मोकळा होतो.

म्हणून परवा मी जरा नाटक केलं. आधण ठेवलं, परात काढली आणि ओरडलो, "दादा, चहापत्ती कुठंय?"

बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "साखरेच्या डब्यात."

"आणि साखर?"

"रव्याच्या."

"मग रवा कुठंय?"

"तेच तर..." दादा दारात उभा होता. "तेच तर मी तिला जन्मभर सांगतोय. पाटीवर लिहिलंय ते डब्यात का नसावं? आता मी कुणाला विचारायचं?" बोलता बोलता तो परातीसमोर बसला, पिठाचा गोळा तोडला आणि वळायला लागला. वाकड्यातिकड्या वळ्या. डब्यांवरून तो औषधांवर आला, औषधांवरून तिच्या न सांगता जाण्यावर. "मी आधी जायचं, असं ठरलं होतं आमचं. ठरलेलं मोडायची सवय तिला कधी नव्हती." मी गॅसपाशी उभा होतो, हं हं करत. माझ्यासारख्या बोलघेवड्याला ते किती अवघड गेलं असेल, याची वाचकांनी कल्पना करावी.

मग दादा थांबला. हातातली वळी हातातच राहिली. "तिला दिलसुखनगरला जायचं होतं," तो म्हणाला. "तेव्हा मी तिला..."

पातेल्याच्या कडेनं बुडबुडे धरले होते. दादानं आधणाकडे पाहिलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंड मिटून घेतलं.

मी हात लांब करून ज्योत समईएवढी केली.

"सिलिंडर संपत आलाय," मी म्हटलं. "तू बोल. दिलसुखनगरपर्यंत आला होतास."