दिवेलागणीची प्रश्नावली

काळजी करणं हा माझा जुना धंदा आहे. शिरूरच्या ज्या कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवते तिथं तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे दर वर्षी पुन्हा बोलावतील की नाही याची धाकधूक ठरलेली. पीएच.डी. झाली तर ती मिटेल, असं सगळे म्हणतात. म्हणून नोंदणी केली, आणि विषयही काळजीचाच घेतला: बिबट्याच्या पट्ट्यात राहणाऱ्या बायकांच्या मनावरचा ताण. नवरा म्हणाला, "घरातच एवढा माल पडलाय, बाहेर कशाला जातेस?" मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

विषय सोपा वाटला होता. भीमेच्या दोन्ही अंगांना ऊस आहे आणि ऊस वाढला की बिबट्या आहेच. भीती मोजायला मी स्वतः विधानं तयार केली. काही भीतीची, "मूल नजरेआड झालं की माझ्या मनात वाईट येतं" अशी. काही उलटी, "मला रात्री शांत झोप लागते" अशी. उत्तर 'पूर्ण पटतं'पासून 'अजिबात पटत नाही'पर्यंत, त्याप्रमाणे गुण. उलट्या विधानांचे गुण उलटे धरायचे, म्हणजे सगळ्यांचा रोख एकाच बाजूला होतो.

मग यायचा अल्फा. ही सगळी विधानं खरोखर एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का, हे तो आकडा सांगतो. जिला भीती वाटते तिची झोपही मोडत असली, जेवणही जात नसलं, तर विधानं एकमेकांना धरून आहेत आणि अल्फा एकाच्या जवळ जातो. उत्तरं वाऱ्यावर असली तर शून्याकडं येतो. पॉइंट सातच्या वर गेला तर मार्गदर्शक सर सही करणार होते. नाही गेला तर समितीपुढं जाता येणार नव्हतं, आणि मुदतवाढ मी आधीच एकदा घेऊन बसले होते. पुढची मिळणार नव्हती.

चाचणीसाठी राहू गावात आत्याकडं गेले. आत्यानं वाडीवरच्या बायका ओसरीवर जमवल्या. पूर्वी मेंढरांमागं फिरणारी, आता शेतीत स्थिरावलेली घरं. दिवसभर रानात असतात, म्हणून संध्याकाळी बोलावल्या. हातपाय धुऊन, पदर सारखा करून सगळ्या बसल्या. आत्यानं देवापाशी दिवा लावला आणि मी वाचायला लागले.

"मूल नजरेआड झालं की माझ्या मनात वाईट येतं."

एक थोराड बाई म्हणाल्या, "न्हाई गं बाई, तसलं काय न्हाई. म्होरलं इचार."

"मला रात्री शांत झोप लागते."

"न्हाई. कुठली आलीय झोप?"

त्यांच्या शेजारणीही तसंच म्हणाल्या. मागं बसलेल्या तरण्या पोरींना भाकरी टाकायची घाई होती. त्या प्रत्येक विधानाला "व्हय, व्हय, लिवा मॅडम" म्हणत होत्या. मी लिहीत गेले. कागद भरले याचाच मला आनंद.

शिरूरला येऊन आकडे कॉम्प्युटरवर घातले. अल्फा आला उणे. मला वाटलं, माझंच बटण चुकलं. उलट्या विधानांचे गुण उलटे केलेत का, पुन्हा पुन्हा पाहिलं. केले होते. कमी अल्फा आलेली माणसं मला माहीत होती. शून्याच्या खाली गेलेली मी एकटीच.

सर फोनवर हसले, ते मला फार लागलं. "म्हणजे जिला भीती नाही तिलाच झोप नाही? मॅडम, विधानं बदला नाहीतर विषय बदला. समिती पंधरा दिवसांवर आलीय. एकदा मोठ्यानं वाचून बघा, जीभ कुठं अडते ते कळेल."

त्यानंतरचे दिवस मी घरात कोणाला सुखानं जगू दिलं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. चपाती लाटताना विधानं मनात फिरायची. कधी वाटायचं, बायका खोटं बोलल्या. कधी वाटायचं, मलाच मराठी येत नाही.

एकदा संध्याकाळी दिवा लावला आणि सर म्हणाले तसं मोठ्यानं वाचायला बसले. मुलगी क्लासवरून यायची होती. "मूल नजरेआड झालं की..." इथवर आले आणि पुढं तोंडच उघडेना. बाहेर अंधारत होतं, पोरीचा पत्ता नव्हता, आणि मी देवापुढं बसून ते वाक्य पुरं करणार होते! दिवेलागणीला अभद्र बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते, हे मला कोणी नव्यानं सांगायला नको होतं. तोच धाक घेऊन मी लहानाची मोठी झाले. आणि चांगलंही बोलून दाखवायचं नाही, दृष्ट लागते. म्हणून भीतीलाही "न्हाई" आणि झोपेलाही "न्हाई". मानसशास्त्राची एम.ए. असून मी तो कागद पालथा घातला. मुलगी आली तेव्हा तिच्यावरच खेकसले, कुठं होतीस म्हणून.

विधानातला एक शब्दही बदलला नाही. वेळ बदलली. पुन्हा राहूला गेले ती भर दुपारी, कांद्याची लागण चालू होती तिथं. ओसरीवरच्या बायका नकोत, म्हणून वेगळ्या निवडल्या, आणि एकेकीला लिंबाखाली बाजूला घेऊन विचारलं. डोक्यावर ऊन होतं, दिवा नव्हता, शेजारीण ऐकत नव्हती.

"व्हय, येतं की वाईट मनात," एक जण म्हणाली. तिची वाट उसातनं होती. "पोरगी साळंतनं येस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसतो. पूर्ण पटतं लिवा."

झोप? "न्हाई लागत. कुत्रं भुकलं का उठून बसती."

जेवण? "घास घशाखाली उतरत न्हाई मॅडम. पर सांगायचं कुणाला?"

मी भराभर खुणा करत होते. पुढची बाईही तसंच बोलली, त्यापुढचीही. उत्तरं एकमेकींना धरून येत होती आणि माझ्या छातीवरचा दगड हलका होत होता. समोर बसलेली बाई उठली, हात पुसले आणि रोपांची जुडी घेऊन वाफ्याकडं गेली. मी पुढचीला हाक मारली.

अल्फा पॉइंट आठच्या वर गेला. सरांच्या केबिनमध्ये कागद पुढं ठेवला तेव्हा ते खूश झाले. "वा! काय जुळून आलंय. जिला भीती तिलाच झोप नाही, तिलाच भूक नाही. एक बाई सुटली नाही बघा."

त्यांनी सहज म्हटलं. एवढे दिवस मी सकाळ-संध्याकाळ देवाला एकच सांगत होते, आकडा वर जाऊ दे. म्हणजे मी काय मागत होते ते मला आत्ता ऐकू आलं. जिचा जीव थाऱ्यावर नाही, तिची झोपही जाऊ दे. झोप गेली, आता तिच्या तोंडचा घासही जाऊ दे. सगळं एकीच्याच वाट्याला येऊ दे, तरच माझं काम होईल.

सरांनी सही केली. मला रडू आलं. आनंदाचं आहे असं त्यांना वाटलं, आणि थोडं आनंदाचं होतंही.