कुठले मोरे?

"नकाशाजवळ या," असं म्हणून मोरे सर आधी चष्मा पुसायचे. शाळेत कुणी नवीन शिक्षक आला आणि चहा पिता पिता त्यानं "मोरे म्हणजे कुठले?" असं विचारलं, की हे ठरलेलं. हा प्रश्न गावाचा नसतो, हे तुम्हांआम्हांला पक्कं माहीत आहे.

सर भूगोलाचे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी टेकवून सांगायचे, "इंग्लंडात मोरे आहेत. उच्चार वेगळा, पण इंग्रजीत लिहितात आपल्यासारखंच. त्यांचे पूर्वज माळरानाशेजारी राहायचे म्हणे. स्पेनमध्येही आहेत. आपल्याकडं कुणी म्हणतं मौर्यांवरून आलं, कुणी म्हणतं मोरावरून. मराठ्यांत मोरे, कोळ्यांत मोरे, बौद्धांत मोरे. बोला, यातला कुठला देऊ?" विचारणारा ओशाळायचा आणि आम्ही हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

अकरा वर्षांत आपण त्यांना हा प्रश्न एकदाही विचारला नाही, याचा मला भलताच अभिमान होता.

त्यांच्या मुलीला आमच्या शहरात, गंगापूर रोडवर बारावीचा क्लास लागला. निफाडहून रोज एसटीनं येऊन-जाऊन पोर इतकी दमायची की पुस्तकावर डोकं टेकून झोपायची. मीच म्हणालो, "आमच्या वरचा फ्लॅट रिकामा आहे. भाड्यानं घ्या की."

सर बायको-मुलीला घेऊन फ्लॅट बघायला आले. वहिनींनी शेगडी कुठे ठेवायची ते ठरवून टाकलं. मुलीनं खिडकीपाशी टेबल मावेल का, ते वितीनं मोजून बघितलं.

संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला. "ते मोरे कुठले हो? फ्लॅटचे मालक विचारतायत."

"माणूस चांगला आहे," एवढं बोलून फोन ठेवता आला असता. मी म्हणालो, "उद्या विचारून सांगतो."

आणि विचारलं. तेही आवाज खाली आणून, जणू मी त्यांच्यावर उपकारच करत होतो.

सर नकाशाकडे गेले नाहीत. "बौद्ध," ते म्हणाले. "सांगा त्यांना. तुम्ही विचाराल असं मात्र वाटलं नव्हतं, सर."

मी सांगितलं. फ्लॅट मालकांच्या नातेवाइकांना द्यायचा आहे, असा निरोप आला. कोणी नातेवाईक आले नाहीत. फ्लॅट आजही रिकामा आहे. मुलगी वर्षभर एसटीनंच ये-जा करत राहिली.

ती मेडिकलला लागली, आणि सरांनी आमच्याच संस्थेच्या निफाडच्या शाळेत बदली मागून घेतली. शेवटच्या दिवशी ते पेढे घेऊन आले. एकेकाच्या हातावर पेढा ठेवत माझ्यापर्यंत पोचले आणि थांबले.

"हातानं देऊ, की तुम्ही घेता?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पुडा माझ्यासमोर धरला होता आणि सगळे शिक्षक बघत होते. नुसता तळहात पुढे करायचा होता.

मी पुड्यात हात घालून पेढा उचलला.