तुमच्यात काय करतात?

डॉक्टरकीच्या क्लाससाठी लातूरला राहिले, तेव्हा पहिले दोन महिने मी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. नळाला पाणी नसलं की तेही जमायचं नाही. आमच्या मजल्यावर सात मुली एकमेकींच्या बहिणी होत्या. मानलेल्या, पण सख्ख्यांना लाजवतील अशा. एकीला ताप आला की दुसरी तिला वही उतरवून द्यायची, तिसरी डोक्याला तेल लावायची. मी आठवी. माझ्याशी कुणी भांडतही नव्हतं.

नागपंचमीला चाचणी होती, म्हणून कुणीच गावी गेलं नाही. पेपर देऊन आल्यावर सगळ्यांत मोठ्या मुलीनं मला हाक मारली. तिला सगळ्या आक्का म्हणायच्या. निलंग्याकडची, परीक्षेला तिसऱ्यांदा बसणारी. तिनं बादली पालथी घातली आणि मला तिच्यावर बसवलं.

"आज तुला बहीण करून घ्यायचंय," म्हणाली. हातात कुंकवाची डबी होती. मग थांबून सहज विचारलं, "तुमच्यात पंचमीला काय करत्यात गं?"

'तुमच्यात' म्हणजे घरात नव्हे, जातीत. आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही कळतं. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून उमरीच्या आमच्या घरात कुंकू नाही. वडील मास्तर. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नात कुणी सवयीनं कुंकवाचं ताट फिरवलं, तर ते न जेवता उठून आले होते.

"तुमच्यासारखंच," मी म्हणाले.

आक्कानं कुंकू लावलं, ओटीत मेसमधले मूठभर तांदूळ घातले, आणि आम्ही आठजणी एका ताटात जेवलो. खोटं कशाला सांगू, मला फार सुख झालं. शेजारणीचा कोपर माझ्या कोपराला लागत होता. त्यानंतर रोज क्लासला निघताना आक्का सगळ्यांना ओळीनं कुंकू लावायची, आणि मीही कपाळ पुढं करायचे.

पुढच्या रविवारी वडील न कळवता डबा घेऊन आले. कपाळ पुसायला वेळच मिळाला नाही. खालच्या भेटीच्या खोलीत सगळ्या त्यांच्याभोवती जमल्या.

"काका, ही म्हणती, तुमच्यात पंचमी आमच्यासारखीच करत्यात. खरं हाय का?" आक्कानं विचारलं. गमतीनं विचारलं की खात्री करून घ्यायला, मला आजही सांगता येत नाही.

वडिलांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं.

"हाव," ते म्हणाले. "तसंच करतो आम्ही."

त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही माझ्यापायी. लाजेनं मला मान वर करता येईना. तशीच मी गेटपर्यंत त्यांच्यासोबत गेले.

"पोरी चांगल्या हाइत," गेटची कडी काढताना ते म्हणाले. "पुढच्या टायमाला डबा वॉचमनपाशी ठेवून जाईन."

त्यानंतर वर्षभर ते दर महिन्याला उमरीहून लातूरला आले आणि गेटवरूनच परत गेले.